डावा कान

कुरेसारेच्या वाचनालयात, गुरुवारी,
चारला अंधार पडतो तेव्हा पाच जणी येतात.
ओले बूट दाराशी. राईचा पाव, थर्मास,
आणि उर्वेचं भिंग.

चेहरा एकच, नावं अकरा:
कुठे तेलविहिरीवरचा इंजिनियर, कुठे सर्जन, कुठे जनरल.
बायको दरवेळी कर्करोगानं गेलेली.
मांडीवर तोच कुत्रा.
फाटका कान इथे डावा, तिथे उजवा.
"फोटो उलटा केलाय मेल्यानं," उर्वे म्हणाली.

एकीची तक्रार कोण ऐकतं?
मैमूनं तार्तूला कळवलं, टुर्कूला, गॉटलंडच्या बायकांना.
सात वाजता चारशे बोटं, एकदम.
दहा नावं पुसली गेली.

अकरावं हेल्वेचं.
फेरीच्या तिकीटखिडकीत तीस वर्षं
सुट्टे दोनदा मोजणारी हेल्वे.
नऊ हजार युरो.
त्यावर कुणी बोलत नाही, पाव कापतात.

"रोज रात्री विचारायचा, दार लावलंस का.
खोटंच, ठाऊक आहे.
पण मी उठून बघायचे,
आणि कधीकधी राहिलेलं असायचं."

उर्वेनं चहा ओतला.
सात वाजून नऊ मिनिटांनी
हेल्वेनं बोट टेकवलं.

मार्चमध्ये पुंता अरेनासहून चार ओळी आल्या:
फोटोतला मी. बेकरी आहे माझी.
बायको ठणठणीत आहे.
कुत्रा मात्र गेला, गेल्या हिवाळ्यात.
कान डावा.

हेल्वेनं दोनदा वाचलं.
मग लिहिलं,
त्याचं नाव काय होतं?