कवडीचा बाप

कानाच्या कडेचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा,
मी बाटलीत टाकला. कवडी नुसती शिंकली.
सगुणा झोऱ्यांनी मात्र तोंड फिरवलं खाडीकडे:
"रगत कित्याक होया?
माका सगळ्यांची नाती तोंडपाठ आसत."

होतीच.
ही मंजुळेची, मंजुळा काळकानीची,
काळकानी सासूबाईंच्या आंदणातली.
आणि बापाच्या रकान्यात दर वेळी
भोपळ्या. भोपळ्या. पुन्हा भोपळ्या.
मी लिहीत गेले. यंदा किती करडं उभीच राहिली नाहीत,
तेही लिहिलं, पेन्सिलीनं.

अहवाल सात आठवड्यांनी आला,
धक्क्यावर, जिथे फोनला रेंज येते तिथे.
सतरा जणींचा ताळा जुळला.
अठराव्या ओळीवर माझी जीभ अडखळली,
जणू कुणाच्या माजघरातलं चव्हाट्यावर बोलतेय:
कवडीचा बाप भोपळ्या नाही.

सगुणाबाई गप्प.
मग बोटं मोजली, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक,
पाचव्या बोटावर थांबल्या,
आणि हसल्या अशा की तोंडातला विडा पडला.
त्या श्रावणात खाडी अंगणात शिरलेली,
दोन्ही वाड्यांची शेरडं तीन रात्री
शाळेच्या पडवीत, एकाच छपराखाली.
पलीकडच्या बस्त्याव फर्नांडिसाचा बोकड होता तिथे,
एका शिंगाचा.

एवढंच असतं तर मी हसून उठले असते.
पण पुढे आकडा होता, जवळच्या रक्ताचा.
कुणाचा पाव, कुणाचा त्याहून जास्त.
कवडीपुढे शून्य.
तोंडावर पांढरा पट्टा नाही,
म्हणून सोमवारच्या बाजाराला काढलेली कवडी!
तिच्या गळ्यातली बाजाराची दोरी
सगुणाबाईंनी माझ्यादेखत सोडली,
आणि हातात धरून राहिल्या,
कुठे बांधावी ते सुचेना तसं.

भोपळ्या खुंट्याशी होता.
फणसाची चारखंडं खाऊन पोट डेऱ्यासारखं,
माझ्या रजिस्टरचा कोपरा चघळत,
स्वतःच्याच नावांची आख्खी रांग.
मी म्हटलं, आता याला बदलायला हवा.
"तेका कोण सांगतलो?" त्या म्हणाल्या.
मी काही बोलले नाही.
दोन लेकरांआधीपासून तो या अंगणात आहे.

निघताना पिशवीत चार नारळ टाकले त्यांनी.
"होडयेन जातंस मां? पलीकडे उतार.
बस्त्यावाक दी. म्हणाचां, व्याह्यांनी धाडले."