गेले, आले

खाण चालू होती तेव्हा मी दिवाघरात होते.
सत्तावीस वर्षं खिडकीतून दिवे दिले,
खिडकीतून दिवे घेतले.
वहीत दोन रकाने: गेले, आले.
ते जुळेपर्यंत माझी पाळी संपत नसे.

आता वोर्कुतातल्या या पाचमजली इमारतीत
आम्ही तीनच घरं उरलोय,
आणि माझ्या स्वयंपाकघरात
चार जांभळे दिवे टांगलेत.
खाली बादल्या, बादल्यांत पाणी, पाण्यात मुळं,
आणि माशांच्या टाकीचा एक जुना पंप
रात्रभर गुळण्या करतो.
माती नाही. माती तशीही इथं
जुलैत हातभर वितळते, मग पुन्हा दगड.

टोमॅटो छताला लागले.
पानं अशी की खिडकी दिसेना.
फुलंही आली, पिवळी, झुबक्यानं,
आणि एकेक करून गळली.
देठाला मध्येच एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी.
आधी ते पेर पिवळं पडतं,
मग रात्री कधीतरी फूल लिनोलियमवर.
आवाजसुद्धा नाही.
सकाळी वेचून बशीत ठेवायची मी.
मोजायची. सवय.

खालचे एवाल्ड गेन्रिखोविच वर आले,
छताला ओल आली म्हणून भांडायला.
भांडायचं राहून गेलं.
झाडाकडं बघत म्हणाले, "माजलंय हे.
पाल्यावर गेलंय. तोंडाशी सगळं आयतं,
फळाची पीडा कशाला घेईल?"

मी नत्र निम्म्यावर आणलं, पोटॅश वाढवलं.
"आणि रात्री यांना गार लागतं," ते म्हणाले.
कझाकस्तानात त्यांच्या आईची वाफ्याएवढी बाग होती.
बाहेर उणे अडतीस,
घरात रेडिएटर भट्टीसारखा,
त्याची चावी मी इथं राहायला आले तेव्हाच गंजलेली.
म्हणून खिडकीची वरची झडप उघडी टाकून
मी कोट घालून झोपले. सतरा अंश.
पहाटे शेंड्याच्या पानावर बर्फाची भुकटी.
ते पान गेलं. चालायचंच.

तरी फुलं गळतच होती.
वारा नाही. माशी नाही.
पाचव्या मजल्यावर, जानेवारीत, भुंगा कुठून यावा?

तेव्हा त्यांनी आणला विजेवरचा दात घासायचा ब्रश,
मुलीनं सिक्तिव्कारहून पाठवलेला,
खोकं न फोडलेलं.
"तिला अजून सांगितलं नाही मी
की माझे दात आता पेल्यात असतात."

झुबक्यामागं देठाला टेकवला. घर्रर्र.
फुलातून धूर निघाला, चिमूटभर, पिवळा,
आणि दिव्याच्या झोतात तरंगत राहिला.
असाच तरंगायचा कोळसा
माणसं वर यायची तेव्हा, त्यांच्या कपाळापुढं.
रंग सोडला तर सगळं तेच.
मी ब्रश बंद केला.
एवाल्डना वाटलं, सेल संपले.

दोनशे चौदा नंबरचा दिवा एकदा आला नाही.
त्याचा खिळा मी मोकळाच ठेवला
खाणीला कुलूप लागेपर्यंत.
कुणाचा, ते विचारू नका.

नवव्या दिवशी एका फुलाच्या पाकळ्या
वाळून मागं वळल्या, पण फूल पडलं नाही.
पेर हिरवंच.
चष्मा लावला, मग पुसून पुन्हा लावला:
आत मिरीएवढा दाणा,
बारीक लव असलेला.
रेडिएटरच्या पाइपवर चमचा वाजवला, दोनदा.
एवाल्ड चपला न घालता वर आले,
आणि दातही.

जुनी वही काढली. मागची पानं कोरी होती.
गेले: त्रेसष्ट.
आले: सात.
जुळत नाही.
तरी रात्री दोनला मी दिवे मालवले,
झडप उघडली,
पंपाच्या गुळण्या ऐकत कोट चढवला,
आणि पाळी संपली
असं धरलं.