नऊ किलोमीटर

मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकतात दुपारपर्यंत.
माझी बोटं रात्रीपर्यंत पिवळी.
शनिवारी त्याच बोटांनी
पोरांच्या गळ्यातले स्कार्फ सरळ करतो,
म्हणून आमच्या पथकाचे स्कार्फ
कडेला जरा पिवळट. जिल्हा शिबिरात
तेवढ्यावरून ओळखतात आम्हाला.

बायको म्हणते, पगार नाही, भत्ता नाही,
शिट्टीसुद्धा पदरच्या पैशानं.
खरं आहे तिचं.

उगारे सरांनी पथक सोपवलं तेव्हा
एक दोरखंड दिला, एक रजिस्टर,
आणि भडंगाचा पुडा सोडता सोडता म्हणाले,
"तीनच पोरं आली तरी झेंडा पाचलाच.
आणि न बघितलेल्या गाठीवर सही नाही."

फॉर्म पाठवायची तारीख शुक्रवार.
हेडमास्तर आवटींनी दोनदा बोलावलं:
"बिरनाळे, दहावीला गुण मिळतात पोरांना.
रकाने भरा की. कोण मोजायला येतंय?"

बावीस फॉर्म भरले.
तेविसावा सर्फराज नदाफचा.
गाठी, बघितल्या. प्रथमोपचार, बघितला.
पदभ्रमण, दंडोबाचा डोंगर, चौदा किलोमीटर:
त्याच्या वहीत नकाशा होता, वेळा होत्या,
माथ्यावरच्या वाऱ्याबद्दल दोन ओळी, चांगल्या.
फक्त फाट्यावरचा चहावाला
सहज बोलून गेला होता,
"तुमचं एक पोरगं परवा इथं तासभर बसलं,
मग वडापनं परत गेलं."

विचारलं. त्यानं एक बूट दुसऱ्या बुटावर घासला.
"सर, नऊ झालते."
"मग नऊ लिही."
"नऊला सही नसती, सर."
हे त्याला मीच शिकवलेलं.

शुक्रवार गेला.
त्याची आई दारात आली, गाद्या शिवून
बोटाला चिंधी बांधलेली. भांडली नाही.
"स्वतःच्या पोराला पण असंच केलं असतं का, सर?"
माझा मुलगा पुण्यात असतो.
स्काउटात तो कधी आलाच नाही.
मी चहा विचारला. ती नको म्हणाली.

रविवारी पहाटे दारात सर्फराज.
काठी, बाटली, स्कार्फ.
"चला सर. मी चालतो, तुम्ही बघा."
"फॉर्म गेले रे."
"माहीत आहे."

द्राक्षबागांवर रात्रीच्या फवारणीचा वास.
चौथ्या किलोमीटरला तो पुढे,
सातव्याला माझ्यासाठी थांबायला लागला.
मी बुटाची नाडी सोडून बांधली, दोनदा.
नाडी सुटलेली नव्हती.
फाट्यावर बसलो. गुडघा.
तोच बाक, तोच चहावाला,
आणि किती पोरांच्या चौदावर सही केली मी
स्वतः शेवटचा वर गेल्यापासून,
मोजायला लागलो तर पिवळी बोटं पुरेनात.

"वडाप येईल सर आता," तो म्हणाला.
मला वाटलं हसेल. नाही हसला.
"वर गेलो की स्कार्फ हलवतो."

गेला. ऊन चढलं.
डोळ्यांवर हात धरून मी डोंगराकडं बघत राहिलो,
माझ्या चष्म्याला झाडंही नीट दिसेनात.
चहावाला म्हणाला, "हाललं की काय तरी वर."
"स्कार्फ?"
"असंल."

तो उतरला तेव्हा रजिस्टर मांडीवर होतं.
लिहिलं: सर्फराज, चौदा. मी बघितले ते नऊ.
खालच्या ओळीत: बिरनाळे, नऊ.
पहिल्या ओळीसमोर सही करू की नको,
पेन तसंच धरून बसलो.
त्यानं ते वाचलं, उलटं, समोर उभा राहून.

"माझे राहिलेले पाच," मी म्हणालो,
"पुढच्या रविवारी करतो."

त्यानं बाटलीतलं उरलेलं पाणी संपवलं.
"तसं नसतंय सर," म्हणाला,
"पहिल्यापासनं."