छत्रीचं तोंड

माझगावला, आमच्या गच्चीवर, माझ्या पाच छत्र्या.
पावसात उपयोगाची त्यातली एकही नाही.
चार सरळ वागतात. पाचवी
डॉककडे पाठ करून पश्चिमेला मान वाकडी करून बसलेली,
रुसलेल्या सुनेसारखी.

गुरुवारी पत्र आलं.
'दहशतवादविरोधी तरतुदींन्वये', मग दीड ओळीचं क्रियापद,
खाली शिक्का, शिक्क्यावर चहाच्या ग्लासाचा गोल.
सात परदेशी वाहिन्या. तीन माझ्याकडे कधी नव्हत्याच.
एकीवर दिवसभर उंटांच्या शर्यती.
शेलटकर हवालदार म्हणाले, उंटपण बंद. यादी म्हणजे यादी.

म्हटलं, साहेब, छत्तीस हजार किलोमीटर वरून येतंय हे,
तिथवर आहे का तुमची हद्द?
ते म्हणाले, वायर कुठंय?
वायर जिन्यातून जाते. जिना त्यांच्या हद्दीत.

पंचनाम्याला एक प्रेक्षक लागतो.
चौऱ्याऐंशी नंबर बघणारा अख्ख्या लाइनीत एकच :
तिसरा मजला, युसुफ सारंग, मूळचा श्रीवर्धनचा,
एकतीस वर्षं जहाजावर.
अरबी येते ती नमाजापुरती आणि पगार मागण्यापुरती.
टीव्हीचा आवाज कायम बंद.

क्या देखते हो चाचा?
बंदर देखता हूँ, बस.

शेलटकरांनी लिहिलं : सदर इसम माकडांचे कार्यक्रम पाहतो.
मी दुरुस्त केलं नाही.
कागदावर बंदरापेक्षा माकड बरं.

बातम्या देणारीच्या खांद्यामागे एक खिडकी आहे.
खिडकीत धक्का, धक्क्यावर पिवळी क्रेन.
एकोणऐंशी साली तिच्या साखळीखाली
चाचाचा मेव्हणा गेला. तिथंच पुरला.
क्रेन अजून उभी आहे का, एवढंच हा रोज बघतो,
जेवणाआधी.

आता मी काही भोळा नाही.
त्याच चौऱ्याऐंशीवर एका रात्री
तोंड झाकलेला एक माणूस बोट नाचवत बोलताना पाहिलाय मी.
शब्द कळला नाही, बोट कळलं.
माझा साडू त्या रात्री स्टेशनात होता,
त्याच्या पोटरीत छर्रा अजून आहे, थंडीत ठणकतो.
म्हणून तर पाना हवालदाराला दिला नाही.
मीच फिरवला.

चार नट. तिसरा गंजलेला, त्याला तेल सोडावं लागलं.
छत्री कुरकुरली, आणि खाली तिसऱ्या मजल्यावर
ती बाई, खिडकी, क्रेन, सगळं
आधी चौकोन चौकोन झालं, मग निळं.

एक तारखेला वसुलीला गेलो.
टीव्ही चालू. चौऱ्याऐंशीच. निळा.
आवाज अर्थात बंद.
म्हटलं, चाचा, एक चॅनल कमी झालं, वीस रुपये कमी द्या.
त्याने पूर्ण दिले, मोजून, सुट्ट्यांसकट.
मग दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला,
क्रेन काढली त्यांनी, तर सांगशील ना?

हो म्हटलं.
दोनशे ऐंशी. पावती फाडली.