दहा मिनिटं ओलं

पुसू नको. थांब.
फडकं मारलं की लगेच कोरडं कराची
घरची सवय आहे तुले, दिसलं मले.
इथं ओलं ठेवाचं. दहा मिनिटं.
औषधाले बी काम कराले वेळ लागते, वो पोरी,
मानसाले नाही लागत काय?

बस त्या स्टुलावर.
त्या नाही! ते ड्रेसिंगचं आहे,
त्याचं अजून व्हाचं आहे.

खिडकीतून पाह्य, धंतोली झोपली नाही अजून.
साडेदहा झाले, तरी औषधाच्या दुकानापुढं
कोनी बालाघाटहून आलेला,
कोनी आरमोरीहून,
एक्स-रेची पिशवी छातीशी धरून उभा.
सकाळी हेच लोकं ह्या खुर्च्यांवर बसतीन,
खोकतीन,
उठताना हात टेकतीन दांडीवर,
अन् त्यांच्या आधी तिथं कोन टेकलं होतं
ते त्यांना कळू नये,
एवढ्यासाठी आपन.

वरून खाली. स्वच्छाकडून घानीकडं.
लाल बादलीचं फडकं निळीत बुडवलं
तर ओळख देनार नाही मी तुले.
पोछा आठाच्या आकड्यासारखा, मागं मागं सरत,
आपल्याच ओल्यावर आपला पाय पडू नये.
अन् झाडू नाही. झाडूनं धूळ उडते.
माह्या सासूनं जलमभर झाडू मारला रस्त्यावर,
तिले सांगितलं, आई, आमच्याकडं झाडू चालत नाही,
तर म्हने, मंग पगार कायचा देतात वो तुले?

मे महिन्यात मात्र हे सारं शास्त्र हारते.
दिवसा सेहेचाळीस, रात्री भिंती भट्टीवानी,
चार मिनिटात टेबल खडखडीत.
कागदावर लिहिलं आहे दहा.
लिहिनाऱ्याच्या गावी उन्हाळा नसन.
आपन काय करतो? परत ओलं करतो.
घड्याळ परत पहिल्यापासून.
कोनी पाहत नाही, माहीत आहे.
तरी पहिल्यापासून.

मागच्या दिवाळीनंतर निमजे साहेब
गुपचूप जेल लावून गेले वीस जागी,
डोळ्याले दिसत नाही असं.
दुसऱ्या रात्री सारे दिवे बंद,
हातात निळा टॉर्च.
नळ, कडी, बटन, बीपीच्या मशीनचा पट्टा,
सगळीकडं अंधार. अंधार म्हंजे पास.
चमकलं फक्त तिसऱ्या माळ्यावर,
लेकरांच्या डॉक्टरकडं
जो लाकडाचा घोडा आहे ना, त्याच्या कानामागं.
सुई टोचाच्या आधी पोरं तिथंच धरतात, घट्ट.
एवढी वर्षं मी त्याची पाठ पुसत होती.

साहेब म्हनले, एक चुकलं, चालते, वनमालाबाई.
टॉर्च बंद करता करता
उजेड माह्या अंगावरून गेला,
अन् डब्याच्या कडीवर
एक ठिपका. काजव्याएवढा.

कोन्या दारावरून आला, कोन्या हातमोज्यावरून,
काय माहीत.
साहेब हसले.
माही नात रात्री तोच डबा उघडते,
उरलेली चटनी बोटानं चाटते.
मले नाही आलं हसू.

तवापासून डबा खाली, वॉचमनच्या केबिनीत,
अन् घरी गेल्यावर पोरगी धावत आली
की मी दारातूनच वरडते, थांब.
पहिले रडे. आता तीच मोजते,
एक, दोन, तीन, माह्या हातावरचा साबन पाहत.

किती झाले? सात?
बस मंग अजून.

हे झालं की त्या दारामागं तक्ता आहे,
खोली, वेळ, सही.
बाहेर पाटीवर अकरा डॉक्टरांची नावं, पितळेची.
आपलं नाव ह्या तक्त्यावर.
म्हनून नुसती रेघ ओढू नको, मोनाली,
पुरं लिही, आडनावासकट.

अन् लिहून झालं
की पेन पूस.