आठळी

यासीनने पिंजरा टेबलावर ठेवला,
रिक्षा बाहेर चालूच ठेवून
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेलं वाचून दाखवलं:
सूर्यफुलाच्या बिया दिवसाला पाच. काकडी नखाएवढी.
आंबा नको, कितीही तोंड केलं तरी.
दिवसा झोपते, उठवू नकोस.
रात्री चाक फिरवते, घाबरू नकोस.
नाव आठळी. पोरीने ठेवलंन,
पोर गेली पुण्याला नर्सिंगला, ही राहिली आमच्या गळ्यात.
मग मिरजेबद्दल दोन वाक्यं बोलला,
ऑपरेशन हा शब्द वगळून.
भाभी रिक्षात बसली होती, तिने हात केला.

मी बर्फाच्या कारखान्यातला माणूस.
सव्वीस वर्षं हर्णैच्या बंदराला लाद्या पुरवल्या,
क्रशरच्या तोंडी दिल्या.
सुरमई, पापलेट, टोपलीभर बांगडा,
माझ्या हातचा गारवा मिळाला तो सगळा मेलेल्यांना.
घरात जिवंत असं काही ठेवलं नाही.
एक पाल होती, ती आपली आपण राहायची.

पहिला दिवसभर भुशाकडे बघत बसलो.
आत एक ढेकूळ श्वास घेत होतं,
खरंच आठळी, चुलीत भाजलेली, साल सुटत आलेली.
दुपारी श्वास दिसेना
म्हणून बोट लावलं, तर चावली.
बरं वाटलं.

जयवंती वाटी परत करायला आली नि दारातच थांबली.
उंदीर पोसलास होय रे हरेश्वर?
आमच्याकडून न्यायचेस, फुकट होते.
तिच्या पायांशी बंदरावरची तीन मांजरं,
सहाही डोळे टेबलावर.
त्या दिवसापासून मी दाराला कडी लावू लागलो,
या घराला कडी आहे हे त्या दिवशी कळलं.

मग वीज गेली. मे संपत आलेला,
बोटी किनाऱ्यावर ओढायला लागलेले लोक,
वायरमन म्हणे संध्याकाळी, संध्याकाळी म्हणे उद्या.
पत्रा तापला. आठळी कुशीवर पसरली,
चारही पाय चार दिशांना,
माणूस इतका उघडा पडत नाही.
कारखान्यात शेवटच्या लाद्या वितळत होत्या.
मी एक तुकडा फोडला, मुठीएवढा,
जुन्या बनियनमध्ये गुंडाळला
आणि सायकलवरून असा आणला
की हातातून पाणी गळतंय हे लोकांनीच सांगितलं.
तिने वास घेतला. मग पाठ टेकवली.
मी तिथेच खाली बसलो,
लादी किती वेळ टिकते याचा हिशोब मला तोंडपाठ,
तरी दर पाच मिनिटांनी बघत होतो.

चौथ्या दिवशी भुसा बदलताना सापडलं:
कोपऱ्यात सगळ्या बिया, मी दिलेल्या, एकही न खाल्लेली नाही म्हणवत,
पण अर्ध्याहून जास्त शिल्लक.
एक काकडीची चकतीही, वाळून पापड झालेली.
बेगमी.
पावसाळ्याची मी कधी केली नाही,
ना सुके बोंबील, ना कोकमं. एकट्याला काय लागतं.
मी भुसा बदलला, ढीग होता तसा परत ठेवला,
एक बी खाली पडली होती, ती उचलून त्यावर.

यासीनचा फोन रात्री साडेदहाला.
कशी आहे? दोघांनीही एकदम विचारलं
आणि दोघेही गप्प झालो.
मग तो म्हणाला, आत्ताच डोळा लागलाय.
मी म्हटलं, इकडे आत्ताच उठलीय.

चाक कुरकुरायचं, कुर्र, कुर्र, पहाटेपर्यंत.
मशीनवर जन्म काढलेला मी, असला आवाज सहन होईना,
पाचव्या रात्री खोबरेलाचा एक थेंब सोडला आसाला.
चाक गुळगुळीत झालं.
आणि मी तीनदा उठलो.
तीनदा बॅटरी लावून बघितलं,
तिन्ही वेळा ती पळत होती, जीव खाऊन,
जराही आवाज न करता.
सकाळी फडक्याने तेल पुसलं,
वर थोडी राख चोळली.