छाट

अशोक चौकातून आत, कितव्या बोळात
आता आठवत नाही.
हातात बारा पानी फॉर्म,
वर छापलेलं: व्यवसायनिहाय व शिक्षणनिहाय सरासरी वेतन,
तळाला माझी सही,
सहीखाली शिक्का: हंगामी.

सकाळी मोहसीन नदाफ झाला.
गणवेशाच्या कारखान्यात कॉलर लावतो, फक्त कॉलर.
दहावी, एका विषयात राहिलेली.
कोणता विषय, हे फॉर्म विचारत नाही;
तो आपणहून म्हणाला, भूमिती.
आणि कॉलरचं टोक अंगठ्याने असं दुमडलं
की मला शाळेतला कोनमापक आठवला.

दुपारी इरेश कोनापुरे, जॉबर, आयटीआय.
मागांच्या खटखटीत मी ओरडलो, महिन्याला किती?
त्याने बोटं दाखवली.
मग बाहेर येऊन, कानातला कापूस काढून
त्यातली दोन मिटली.
"आत मालकाचा भाचा हुता ओ."
भाच्याचाही फॉर्म आहे माझ्याकडे.
बी.कॉम., पर्यवेक्षक,
आकडा असा गोल, असा सुबक,
खोडरबर लागलंच नाही.

मग राजमणी गड्डम.
वय? "पंचावन्न लिव. नायतर साठ."
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात पत्र्याच्या मापाने कापलेली पानं.
बोलताना ती माझ्याकडे बघत होती,
बोटं आपली आपली वळत होती.
शिक्षण? "शाळा नाय."
वाचता येतं? "तेलुगू येतंय की.
आईनं शिकवलं, कॅलेंडरावर."
प्रशिक्षण घेतलंय? किती महिने?
"दहाव्या वर्षी बसले सूप घिऊन.
अजून बसलेय. कर तूच गुणाकार."
साठ धरून केला. सहाशे आले.
चौकटी दोनच होत्या;
तिसरा आकडा समासात गेला.

मजुरी हजारावर.
पण हजार म्हणजे हजार नव्हे, ती म्हणाली.
चेकर टोपलीत हात घालतो.
सैल एक, आखूड एक, पान फाटलेली एक,
चिमटीने बाजूला.
ती छाट. छाटीचे पैसे नाहीत.
"परत बी देत नाय. वडतंयच की कोणतरी."
आणि सूत तोडत:
"छाट कुठं लिवणार तू?"
मी पानं उलटली.
वजावटी: भविष्य निधी, कर, इतर.
इतरमध्ये लिहिलं.

"आन तुला किती रं?"
फॉर्मामागे चाळीस.
"शिकलास किती?"
एम.ए., अर्थशास्त्र.
"दिवसाला किती हुतेत?"
आठ. ऊन नसलं तर दहा.
तिचे ओठ हलले, तेलुगूत हिशेब झाला.
"चुकला तर?"
चुकला तर परत येतो. पैसे नाहीत.
पहिल्यांदा तिचे हात थांबले.
"म्हंजे तुलाबी छाट हाय की!"
आतल्या सुनेला तिने हाक मारून काही सांगितलं,
मला त्यातला 'एम.ए.' तेवढा कळला.
आतून हसू आलं,
मागोमाग चहा.

महिनाअखेर बेरीज झाली, भागाकार झाला.
जी सरासरी निघाली
तेवढा पगार माझ्या एकशे ऐंशी माणसांत कुणालाच नव्हता.
त्यातल्या त्यात जवळ होता मोहसीन,
तोही मे महिन्यातला,
शाळा उघडायच्या आधी,
रात्रपाळी धरून.

राजमणी गड्डमचा फॉर्म परत आला.
रकाना चौदाला लाल गोल.
शेरा: प्रशिक्षण सहाशे महिने, अशक्य. दुरुस्त करून पाठवावे.
पेन काढलं.
शून्य लिहायला एक टिंबाएवढी शाई लागते.
थोडा वेळ बसून राहिलो,
मग टोपण लावलं.
चाळीस रुपये गेले.

छाट परत देत नाहीत, म्हणाली होती.
माझी दिली.
कपाटात आहे, पदवीच्या कागदांखाली,
चहाच्या कपाचा गोल उठलेली.